मांजराचं पिल्लू आणायचंय? ब्रीडर, शेल्टर की दारात आलेलं : निवड कशी करावी

पूर्वी आपल्याकडे मांजर कोणी आणत नसे, ते यायचं. माळ्यावर, गोठ्यात, जळणाच्या ढिगाआड भाटी व्यायची आणि त्यातलं एखादं पिल्लू घरचं होऊन जायचं. आता बेळगाव, मडगाव, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबादच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत मांजर ठरवून आणलं जातं. मग प्रश्न पडतो, ब्रीडरकडून विकत घ्यायचं की शेल्टरमधून दत्तक?

या प्रश्नाला दोन्ही बाजूंचे लोक एका वाक्यात उत्तर देतात. एक म्हणतो, "विकत घेणं पाप आहे." दुसरा म्हणतो, "शेल्टरची पिल्लं आजारी असतात." दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. घरातलं मांजर चांगलं सांभाळलं तर बारा-पंधरा वर्षं जगतं, म्हणून थोडं खोलात जाऊन बघितलेलं बरं. पिल्लू कुठून आलं यापेक्षा तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या असतात : ते आईजवळ किती दिवस राहिलं, त्याच्या लसीचा कागद खरा आहे का, आणि देणारा माणूस महिन्याभरानंतरही तुमचा फोन उचलेल का.

थोडक्यात

• आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू कुणाकडूनही घेऊ नका. बारा आठवड्यांचं मिळालं तर अधिक चांगलं.
• आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या ब्रीडरकडून पिल्लू घेऊ नका.
• ठराविक जातीचंच हवं असं काही कारण नसेल, तर आपल्या हवामानात देशी मांजर सर्वांत सोपं. ते शेल्टरमध्ये किंवा फोस्टर घरात मिळतं.
• न बघता ॲडव्हान्स पाठवू नका.
• उसात किंवा शेतात सापडलेलं पिल्लू रानमांजराचं असू शकतं. ते घरी आणू नका.

वय : सगळ्यात आधी हे बघा

मांजराचं पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण शंभर ग्रॅमचं असतं. सात ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात दिसू लागतात, चौथ्या आठवड्यापासून ते मऊ अन्न चाटायला लागतं. दूध पूर्ण सुटायला आठ आठवडे लागतात.

पण दूध सुटलं म्हणजे आईचं काम संपलं असं नाही. चावा किती जोरात घ्यायचा, नखं कधी आत घ्यायची, माती कशी उकरायची हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकतं. माणसाची सवय होण्याचा काळही हाच, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत. या दिवसांत त्याला रोज हातात घेतलं, घरातले आवाज ऐकू दिले, तर ते माणसाळतं. पिंजऱ्यात ठेवलं तर बुजरं राहतं, मग ते कितीही महागड्या जातीचं असो. "पर्शियन शांत असतं आणि देशी चावतं" हे आपण ऐकतो. जातीचा स्वभावात थोडा वाटा असतो, पण या पहिल्या दोन महिन्यांचा वाटा त्याहून मोठा आहे.

विकणारा "दोन महिन्यांचं आहे" म्हणाला तर वजन करून बघा. आठ आठवड्यांचं पिल्लू साधारण पाऊण ते एक किलोच्या आसपास असतं. चारशे-पाचशे ग्रॅमचं, लुटूपुटू चालणारं पिल्लू दोन महिन्यांचं म्हणून दाखवलं जात असेल, तर एकतर वय खोटं आहे किंवा पिल्लू आजारी आहे.

ब्रीडरकडे जाताना

आपल्या भागात विकत मिळणारी पिल्लं बहुतांश पर्शियन किंवा पर्शियन मिश्र असतात. जाहिरातीत "डॉल फेस", "सेमी पंच", "पंच फेस" असे शब्द दिसतील. नाक जितकं आत बसलेलं, तितकी किंमत जास्त सांगतात. पण त्या किमतीबरोबर त्रासही वाढत जातो. चपट्या तोंडाच्या मांजराच्या डोळ्यांतून सतत पाणी येतं, श्वास घरघरतो, दातांची रचना बिघडते आणि उन्हाळ्यात धाप लागते. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबादच्या मे महिन्यात अशा मांजराला पंखा पुरत नाही. गोव्यात, कारवारकडे किंवा कोकणपट्टीत दमट हवेमुळे लांब केसांत गुंता होतो आणि त्वचेवर बुरशी धरते. हा नायटा मांजरापासून घरातल्या लहान मुलांनाही होतो. पर्शियन घ्यायचंच असेल तर डॉल फेस घ्या, आणि रोज विंचरायला पंधरा मिनिटं काढता येणार असतील तरच घ्या.

जातीनुसार काही आनुवंशिक आजार ठरलेले आहेत :

• पर्शियन : मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार. हा प्रभावी जनुकामुळे होतो, म्हणजे आई-बापातल्या एकाला असला तरी सरासरी निम्म्या पिल्लांत उतरतो. त्यासाठी जनुक तपासणी आहे, मोठ्या मांजरांची सोनोग्राफीही करता येते. ब्रीडरला "आई-बापाची तपासणी झाली आहे का" असं सरळ विचारा.
• स्कॉटिश फोल्ड : दुमडलेले कान गोंडस दिसतात, पण ते कूर्चेच्या दोषामुळे दुमडतात. तो दोष फक्त कानात राहत नाही, पाय आणि शेपटीच्या सांध्यांतही असतो. अशी मांजरं कमी-अधिक प्रमाणात सांधेदुखी घेऊनच जगतात. ब्रिटनमधल्या जुन्या मांजर-नोंदणी संस्थेने १९७०च्या दशकातच या जातीची नोंदणी बंद केली. हे पिल्लू न घेतलेलंच बरं.
• मेन कून, रॅगडॉल : हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. याचीही जनुक तपासणी आहे.
• निळ्या डोळ्यांची पांढरीशुभ्र मांजरं : यांच्यात बहिरेपणाचं प्रमाण जास्त. मागून टाळी वाजवून बघा.

"तिरंगी आहे, दुर्मिळ आहे" म्हणून जास्त पैसे मागणारेही भेटतात. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच असते. तिरंगी बोका खरोखर विरळा, आणि तो बहुधा वांझ असतो. तिरंगी भाटी मात्र आपल्या गल्लीतही सापडते.

ब्रीडरच्या घरी गेल्यावर काय बघायचं :

• पिल्लाची आई समोर आहे का? तिची तब्येत कशी आहे? हाडं दिसणारी, केस गळालेली भाटी म्हणजे तिला लागोपाठ वेतं घ्यायला लावली आहेत.
• मांजरं घरात फिरतात की पिंजऱ्यात आहेत? अमोनियाचा, लघवीचा उग्र वास येतो का?
• एकाच वेळी चार-पाच जातींची पिल्लं "कायम स्टॉकमध्ये" आहेत का? असं असेल तर तो बहुधा ब्रीडर नाही, दलाल आहे.
• तो तुम्हाला प्रश्न विचारतो का? चांगला ब्रीडर घर कसं आहे, खिडक्यांना जाळी आहे का, दिवसभर घरी कोण असतं हे विचारतोच.
• पिल्लू नाही जमलं तर परत घेईन असं तो लिहून देतो का?

"एकदा पिल्लं काढा, विका, पैसे वसूल" असं आमिष दाखवणाऱ्याकडून लगेच उठा. मांजराचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो. पैसे वसूल करायच्या नादात तुमची मांजरही त्याच पिंजऱ्यातल्या भाटीसारखी होते.

कागदपत्रं आणि कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे निपाणी असो की कागल, पणजी असो की वडोदरा, तो सगळीकडे सारखाच लागू आहे. त्याखाली दोन वेगवेगळे नियम आहेत आणि त्यांत लोकांची गल्लत होते. २०१७चे प्रजनन व विक्रीचे नियम कुत्र्यांसाठी आहेत. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीचे नियम २०१८चे, आणि त्यांत मांजरही येतं. या नियमांनुसार दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. बेळगावच्या दुकानाची नोंदणी कर्नाटकच्या मंडळाकडे, कोल्हापूरच्या दुकानाची महाराष्ट्राच्या, म्हापशाच्या दुकानाची गोव्याच्या. दुकानात गेलात तर नोंदणीचं प्रमाणपत्र मागा.

आणखी एक खूण. पिल्लासोबत "केसीआयचे पेपर आहेत" असं कुणी म्हणालं तर तो फसवतोय. केनेल क्लब ऑफ इंडिया कुत्र्यांची नोंद करतो, मांजरांची नाही. मांजरांची वंशावळ वर्ल्ड कॅट फेडरेशनसारख्या मांजरांच्या संस्थांशी संलग्न क्लबकडे नोंदवली जाते. आपल्याकडे विकली जाणारी बहुतेक पर्शियन पिल्लं कुठेही नोंदलेली नसतात. पेपर नसणं हा गुन्हा नाही. पण पेपर नसलेल्या पिल्लाची किंमत पेपरवाल्यासारखी मोजू नका.

लसीच्या कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं असतं. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते, आणि शेजारी डॉक्टरची सही, शिक्का, तारीख असते. नुसत्या पेनाने "लस दिली" असं लिहिलेल्या कार्डाला किंमत नाही. कार्ड किंवा करारनामा कन्नड, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजीत असेल आणि तुम्हाला ती लिपी नीट येत नसेल, तर सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. परत घेण्याची अट बहुधा त्यातच कुठेतरी असते.

ऑनलाइन जाहिरात आणि परराज्यातला विक्रेता

सीमाभागातल्या लोकांना हा धोका जास्त. जवळ ब्रीडर नाही म्हणून पुण्याची, बंगळुरूची, हैदराबादची जाहिरात बघितली जाते. फोटो सुंदर असतो. "निम्मे पैसे यूपीआयने टाका, उद्याच्या बसने पाठवतो" असं सांगतात. मग गाडीभाडं, पिंजऱ्याचं डिपॉझिट, इन्शुरन्स असे एकेक पैसे मागतात आणि शेवटी फोन बंद. खरोखर पिल्लू पाठवलं तरी हाल संपत नाहीत. खोक्यात, पाण्याविना, डिकीत दहा तास काढलेलं पिल्लू पोचतं ते जुलाब आणि ताप घेऊन.

नियम एकच ठेवा : स्वतः जाऊन, आई बघून, हातात घेऊन मगच पैसे. व्हिडिओ कॉलवर दाखवलेलं पिल्लू आणि मिळालेलं पिल्लू वेगळं निघू शकतं.

फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. "विक्रेता दुसऱ्या राज्यातला आहे, तिकडे जा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हद्द कुठलीही असली तरी जवळच्या पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. यूपीआयची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवा.

शेल्टर आणि फोस्टर घरं

आपल्या शहरांतली बरीचशी शेल्टर प्रामुख्याने कुत्र्यांसाठी चालतात. मांजराची पिल्लं अनेकदा कार्यकर्त्यांच्या घरी सांभाळली जातात, त्याला फोस्टर घर म्हणतात. त्यामुळे शेल्टरमध्ये मांजर दिसलं नाही तरी विचारा, फोस्टरचा पत्ता मिळतो. हैदराबादमध्ये १९९२पासून काम करणारी ब्लू क्रॉस आहे, गोव्यात आसगावला इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू आहे. इतर शहरांत स्थानिक प्राणीमित्र गट आणि पशुवैद्यकाचा दवाखाना हे माहितीचे चांगले स्रोत. दवाखान्याच्या फळ्यावर "पिल्लं द्यायची आहेत" अशी चिठ्ठी बऱ्याचदा लागलेली असते. उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत पिल्लं सर्वाधिक असतात, तेव्हा निवडीला वाव मिळतो.

फोस्टर घरातल्या पिल्लाचा मोठा फायदा म्हणजे ते माणसांत वाढलेलं असतं आणि सांभाळणारी व्यक्ती त्याचा स्वभाव सांगू शकते. "हे धीट आहे, हे लाजरं, याला कुत्र्याची सवय आहे" ही माहिती ब्रीडरच्या पिंजऱ्यातून मिळत नाही.

शेल्टरच्या मर्यादाही माहीत असाव्यात. आई-बाप बहुधा माहीत नसतात. अनेक मांजरं एकत्र राहिल्याने सर्दी, शिंका, डोळ्यांतून चिकट पाणी हे सर्रास आढळतं. त्यातला नागीण गटातला विषाणू मांजराच्या शरीरात कायम राहतो आणि ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून विचारा :

• नवीन आलेली मांजरं किती दिवस वेगळी ठेवता?
• मागच्या महिन्यात इथे जुलाब-उलट्यांनी पिल्लं दगावली आहेत का?
• रक्ताच्या कर्करोगाचा आणि एड्ससारखा प्रतिकारशक्ती घटवणारा, असे मांजरांचे जे दोन विषाणू आहेत, त्यांची किट तपासणी झाली आहे का? नसेल तर तुमच्या डॉक्टरकडे करून घ्या. हे दोन्ही विषाणू माणसाला लागत नाहीत, पण घरातल्या दुसऱ्या मांजराला लागू शकतात.
• नसबंदी झाली आहे का? नसेल तर कोण करणार, खर्च कुणाचा?

दत्तक देणारे ओळखपत्र मागतात, घर बघायला येतात, खिडकीला जाळी बसवा म्हणतात, नसबंदीची अट लिहून घेतात. काहींना हा अपमान वाटतो. पण इतकी चौकशी करणाराच उद्या अडचण आली तर मदतीला येतो. काहीही न विचारता पिल्लू हातात देणारा सुटका करून घेतोय, मग तो शेल्टरवाला असो की ब्रीडर.

दारात आलेलं पिल्लू

ही तिसरी वाट, आणि आपल्याकडे अजूनही सर्वांत जास्त मळलेली. "मांजर पिल्लांना सात घरं फिरवते" असं म्हणतात त्यात तथ्य आहे. भाटी पिल्लांची जागा बदलत राहते, एकेक करून उचलून नेते. त्यामुळे एकटं दिसलेलं पिल्लू टाकलेलं असेलच असं नाही. ते गाडीखाली किंवा पाण्यात नसेल, तर लांबून दोन-तीन तास वाट बघा. आई बहुधा येते.

आई आलीच नाही आणि डोळेही उघडलेले नसतील, तर ते काम सोपं नाही. त्याला ऊब लागते, दर दोन-तीन तासांनी बाटलीने पिल्लांसाठीचं खास दूध पाजावं लागतं, रात्रीही. गाईचं दूध देऊ नका, जुलाब होतात. पाठीवर उताणं झोपवून पाजू नका, दूध फुप्फुसात जातं. अशा वेळी लगेच डॉक्टर किंवा अनुभवी फोस्टर गाठा.

बेळगाव, कोल्हापूर, बिदर या ऊसपट्ट्यासाठी खास सूचना. तोडणीच्या दिवसांत फडात पिल्लं सापडतात. ती रानमांजराची किंवा वाघाटीची असू शकतात, बिबट्याचीही. रानमांजराचं पिल्लू लहानपणी घरच्या मांजरासारखंच दिसतं. लांब पाय, कानांच्या टोकाला केसांचे झुपके, आखूड शेपटीवर काळे पट्टे ही त्याची लक्षणं. ही सगळी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यांना पाळणं गुन्हा आहे. पिल्लांना हात न लावता तेवढी जागा सोडून तोडणी थांबवा आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. पिल्लं तिथेच राहिली तर रात्री आई येऊन नेते.

पिल्लू हातात घेतल्यावर पाच मिनिटांची तपासणी

• डोळे स्वच्छ, दोन्ही सारखे उघडे. चिपडं किंवा लाली नको.
• नाक कोरडं किंवा किंचित ओलं, वाहतं नको.
• कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल तर किडे आहेत. ते बरे होतात, पण उपचार लागतात.
• हिरड्या गुलाबी. पांढऱ्या असतील तर रक्त कमी आहे, बहुधा पिसवा किंवा जंतामुळे.
• अंग बारीक आणि पोट नगाऱ्यासारखं असेल तर जंत.
• शेपटीखाली शेण चिकटलेलं असेल तर जुलाब.
• केसांत गोल चट्टे असतील तर बुरशी.
• खाली सोडल्यावर खेळतं का, दोरीमागे धावतं का? कोपऱ्यात मलूल बसलेल्या पिल्लाची दया येते, पण घरी दुसरं मांजर असेल तर तो धोका घेऊ नका. डॉक्टरला दाखवून मगच ठरवा.

लस आणि खर्च

दत्तक पिल्लू फुकट आणि विकतचं महाग, हा हिशेब पहिल्या दिवसापुरताच. पुढचा खर्च दोघांना जवळपास सारखा आहे.

तीन रोगांची एकत्र लस, जिला डॉक्टर ट्रायकॅट म्हणतात, तिचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या सुमारास. भाटी चार-पाच महिन्यांतही माजावर येऊ शकते, त्यामुळे "एक वेत होऊ द्या" म्हणून थांबू नका, त्याने तिला काही फायदा होत नाही.

शेल्टरमधून घेतलेल्या पिल्लाच्या यातल्या काही गोष्टी बऱ्याचदा आधीच झालेल्या असतात, तिथे पैसे वाचतात. दत्तक देताना काही संस्था थोडं शुल्क घेतात ते या खर्चापोटीच, पण पावती मागा. लांब केसांच्या मांजराला विंचरणं, केस कापून घेणं आणि डोळ्यांची निगा हा वरचा खर्च कायमचा.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे खर्च सहसा कमी येतो. इंदूरजवळ महू, वडोदऱ्याजवळ आणंद, हैदराबादेत राजेंद्रनगर, कर्नाटकात बिदर, पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळ आणि मुंबईत परळ इथे अशी महाविद्यालयं आहेत.

घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस

पिल्लाला एका खोलीत ठेवा. मातीचा ट्रे एका कोपऱ्यात, खाणं-पाणी दुसऱ्या. घरी आधीचं मांजर असेल तर दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवा, भांडी वेगळी, हात धुऊन मगच दुसऱ्याला हात लावा.

आधीचं पिल्लू उलट्या-जुलाबांनी दगावलं असेल तर हे नीट वाचा. मांजरांचा पार्व्हो विषाणू घरात वर्षभरही टिकतो आणि साध्या फिनाईलने मरत नाही. पाणी मिसळलेल्या ब्लीचने फरशी, ट्रे, भांडी धुवा, गाद्या-टोपल्या टाकून द्या, आणि पूर्ण लसीकरण झालेलं मोठं मांजरच आणा. नाहीतर दुसरंही पिल्लू त्याच आजाराने जातं.

मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एक गोळीही जीव घेते. फिनाईलने पुसलेली ओली फरशी, कुत्र्यांच्या गोचिडांची औषधं आणि लिलीची फुलंही मांजराला विषारी. खिडकी-बाल्कनीला जाळी हवीच. मांजर पडलं तरी पायावर उतरतं खरं, पण चौथ्या मजल्यावरून पडल्यावर हाडं मोडतातच.

चावलं किंवा ओरखडलं आणि लसीबद्दल खात्री नसेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

नेहमीचे प्रश्न

आमचं घर शाकाहारी आहे. दूध-भाकरीवर चालेल का?
नाही. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हा घटक त्याला मांस-मासळीतून मिळावा लागतो, तो कमी पडला तर नजर जाते आणि हृदय दुबळं होतं. घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजरांचं तयार खाद्य द्या. तेही चालणार नसेल, तर मांजर आणू नका. पूर्वीची दूध-भाकरीवरची मांजरं बाहेर उंदीर मारून पोट भरायची, फ्लॅटमध्ये ती सोय नाही.

एक आणावं की दोन?
दिवसभर घर बंद असेल तर एकाच वेतातली दोन भावंडं बरी. ती एकमेकांशी खेळतात, तुमच्या पायांना चावत नाहीत. खर्च मात्र दुप्पट.

बोका की भाटी?
वेळेवर नसबंदी झाली तर फारसा फरक नाही. न केलेला बोका घरात लघवीचे फवारे मारतो, न केलेली भाटी माजावर रात्ररात्र ओरडते.

मोठं मांजर लळा लावतं का?
लावतं. त्याचा स्वभाव आधीच दिसतो, ट्रेची सवय असते, रात्री धुडगूस नसतो. ज्येष्ठ नागरिकांच्या घरी तीन-चार वर्षांचं मांजर पिल्लापेक्षा जास्त सोयीचं.

सोसायटी मनाई करू शकते का?
भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला रहिवाशांवर पाळीव प्राणी न ठेवण्याची सक्ती करता येत नाही. भाड्याच्या घरात मात्र करारातली अट आधी बघा.

मग कुणी काय निवडावं?

पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्यांनी फोस्टर घरातलं, तीन महिन्यांच्या पुढचं, लस झालेलं देशी पिल्लू घ्यावं. घरात वृद्ध किंवा अगदी लहान मूल असेल तर नसबंदी झालेलं मोठं मांजर. दारात आलेल्या पिल्लाला घर देणार असाल तर आधी डॉक्टर, मग घर. आणि एखाद्या जातीवर मनच बसलं असेल तर ब्रीडरकडे जरूर जा, पण त्या जातीचे आजार माहीत करून, आई-बापाच्या तपासणीचा कागद मागून आणि परत घेण्याची अट लिहून घेऊन.

यातलं काहीच मिळत नसेल तर दोन महिने थांबा. पुढच्या हंगामात पिल्लं येतातच. घाईत आणलेली मांजरं मात्र वर्षभरात पोत्यात घालून मंडईत, नाहीतर देवळामागे सोडलेली दिसतात. घरात वाढलेल्या मांजराला बाहेर खाणं शोधता येत नाही, कुत्र्यांपासून पळताही येत नाही. नाहीच जमलं तर जिथून आणलं तिथे परत द्या. परत घेणारा माणूस आधीच बघून ठेवायचा तो यासाठीच.